जुना सोफा घरच्या घरी नव्याने मढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमच्या घरी वडिलांनी करून घेतलेला तीन जणांचा सागवानी सोफा आहे. त्याचे कापड विरले, बैठक खाली गेली आणि तो विकून टाकावा असा विचार घरात सुरू झाला, तेव्हा मी तो स्वतः उसवून नव्याने मढवला. त्यानंतर नातेवाइकांचे आणखी दोन सोफे मढवले. हे काम पाहून मिरज, माधवनगर, कुपवाड या भागांतील ओळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सुतारकाम किंवा शिवणकाम यांपैकी एकाची थोडीफार सवय असेल, तर हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. मात्र उसवताना घाई करणाऱ्याला ते पुढे जड जाते, आणि म्हणूनच उसवण्याविषयीचे उत्तर सर्वांत सविस्तर दिले आहे.

आमचा सोफा मढवण्याच्या लायकीचा आहे, हे कसे ओळखावे?

कापड आणि फोम बदलता येतात, म्हणून त्यांची अवस्था पाहून निर्णय घेऊ नये. पाहायचा तो लाकडी सांगाडा. सोफ्याचा पुढचा एक पाय जमिनीपासून साधारण सहा इंच उचलावा. त्याच्याबरोबर पुढचा दुसरा पायही लगेच उचलला गेला, तर सांगाडा घट्ट आहे. दुसरा पाय जमिनीवरच राहिला आणि सोफा पिळवटल्यासारखा झाला, तर सांधे सैल झाले आहेत असे समजावे. सागवान किंवा शिसवीचा सांगाडा असेल, तर सैल सांधेही दुरुस्त करण्याजोगे असतात. याउलट हलक्या भुश्याच्या फळ्यांचा सांगाडा एकदा फुगला की त्यात स्क्रू किंवा पिन धरत नाही, आणि अशा सोफ्यावर चांगले कापड घालणे म्हणजे कापड वाया घालवणे होय.

कीड आहे का, हेही याच वेळी पाहावे. टाचणीच्या डोक्याएवढी भोके आणि त्यांखाली पिठासारखा भुसा दिसत असेल, तर लाकूड पोखरणारी कीड आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील, तर ती वाळवी आहे. सोफा उलटा करून खालचे कापड काढल्याशिवाय हे नीट कळत नाही. कीड थोड्या भागात असेल, तर कापड उतरवल्यानंतर उघड्या लाकडावर कीडनाशक लावून ते पूर्ण वाळू द्यावे. दाभण सहज आत जाईल इतके लाकूड पोकळ झाले असेल, तर तो तुकडा सुताराकडून बदलून घ्यावा.

पुराच्या पाण्यात भिजलेला सोफा पुन्हा वापरता येतो का?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली आणि सांगलीतील हजारो घरांत पाणी शिरले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे इतर गावांपेक्षा अधिक वेळा विचारला जातो.

त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. फोम, कापूस, काथ्या, गोणपाट आणि कापड हे सर्व टाकून द्यावे. पुराच्या पाण्यात गटारांचे पाणी मिसळलेले असते, गाळ फोमच्या आतपर्यंत जातो, आणि वरून वाळलेला दिसणारा फोम आतून कित्येक दिवस ओला राहून त्याला बुरशी येते. धुऊन, उन्हात घालून तो वाचेल अशी आशा धरू नये. नवार आणि सुतळीही सोडून द्यावी. सागवानी सांगाडा मात्र बहुतेक वेळा वाचतो. तो स्वच्छ पाण्याने धुवावा, सांध्यांतील गाळ जुन्या दात घासण्याच्या ब्रशने काढावा आणि हवेशीर सावलीत ठेवून काही आठवडे वाळू द्यावा. कडक उन्हात ठेवलेले ओले लाकूड वरून भराभर आकसते आणि त्याला चिरा पडतात. गंजलेल्या स्प्रिंगा घासून पाहाव्यात. गंज वरवरचा असेल तर त्या ठेवाव्यात, तारेत खड्डे पडले असतील तर बदलाव्यात.

कोणती अवजारे घ्यावी लागतील?

हातोडी, पक्कड, चपट्या टोकाचा पेचकस, धारदार मोठी कात्री, मोजपट्टी, खडू, दाभण, जाड दोरा आणि हाताने दाबून चालवायची स्टेपल गन एवढ्यावर काम होते. स्टेपल गनसाठी ८ आणि १० मिलिमीटर उंचीच्या पिना आणाव्यात. सागवान कठीण असल्याने हातगनची पिन कधी कधी अर्धीच आत जाते. तेव्हा तिच्यावर हातोडीचा हलका ठोका द्यावा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क असावा, कारण जुनी पिन उपटताना उडते आणि जुन्या सोफ्यातून निघणारी धूळ वर्षानुवर्षांची असते.

जुने कापड फाडून काढले तर चालेल का?

चालणार नाही. जुने कापड हा आपल्या हातातील एकमेव नमुना असतो. पूर्वीच्या कारागिराने कोठे कापड दुमडले, कोठे चीर दिली, कोठून ते सांगाड्याच्या फटीतून मागे ओढून घेतले, हे सर्व त्या कापडावर लिहून ठेवल्यासारखे असते. ते फाडले की आपल्याला प्रत्येक गोष्ट अंदाजाने करावी लागते.

सोफा आधी उलटा करावा. खालचे धूळ अडवणारे पातळ कापड प्रथम काढावे. त्यानंतर बाहेरची पाठ, मग दोन्ही हातांच्या बाहेरच्या बाजू, मग आतली पाठ, हातांच्या आतल्या बाजू आणि सर्वांत शेवटी बैठकीचे कापड, असा क्रम ठेवावा. जो तुकडा शेवटी बसवलेला असतो, तो आधी निघतो. नवे कापड बसवताना हाच क्रम नेमका उलटा होतो, म्हणून तो कागदावर लिहून ठेवणे उपयोगी पडते. पिनेखाली पेचकसाचे टोक सरकवून ती थोडी वर उचलावी आणि मग पकडीने सरळ ओढावी. तिरकी ओढली तर अर्धी तुटून आत राहते. एका तीन जणांच्या सोफ्यात शेकडो पिना आणि चुका (बारीक खिळे) असतात, त्यामुळे या कामाला एक पूर्ण दिवस द्यावा. जमिनीवर जुनी सतरंजी अंथरून सर्व पिना डब्यात टाकाव्यात आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

तुकडा सुटला की लगेच त्याच्या उलट्या बाजूला खडूने किंवा पेनने तीन गोष्टी लिहाव्यात: तो कोठला आहे, त्याची वरची बाजू कोणती, आणि तो आतला की बाहेरचा. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर छायाचित्र काढावे, विशेषतः कोपऱ्यांचे आणि जेथे कापड लाकडी खांबाभोवती फिरते त्या जागांचे. पहिल्या सोफ्याच्या वेळी मी हातांच्या दोन आतल्या बाजूंवर डावा-उजवा लिहिले नव्हते. दोन्ही तुकडे सारखेच दिसत होते, प्रत्यक्षात ते एकमेकांचे आरशातले रूप होते. दोन्ही नवे तुकडे एकाच हाताचे कापले गेले आणि जवळजवळ एक मीटर चांगले कापड गेले. त्या दिवसापासून लिहिल्याशिवाय तुकडा खाली ठेवायचा नाही, असा नियम मी पाळतो.

आणखी एक सूचना: जुने कापड वापराने ताणलेले असते आणि त्याच्या कडा पूर्वी कापून टाकलेल्या असतात. त्यामुळे त्यावरून नवे कापड बेतताना चारही बाजूंना निदान दोन इंच जास्त ठेवावे. हे जास्तीचे कापड पकडूनच ते ताणायचे असते.

किती कापड लागेल?

सोफ्याचे कापड साधारणतः ५४ इंच पन्ह्याचे मिळते. बैठकीवर आणि पाठीला सुट्या उशा असलेल्या तीन जणांच्या सोफ्याला साध्या रंगाचे १० ते १२ मीटर कापड लागते, एकट्याच्या खुर्चीला ४ ते ५ मीटर. लाकडी हात उघडे असलेल्या आपल्याकडच्या जुन्या सोफ्यांना यापेक्षा बरेच कमी पुरते. या अंदाजावर दुकानात जाऊ नये. सुटे केलेले सर्व तुकडे जमिनीवर ५४ इंच रुंदीच्या पट्ट्यात मांडून पाहावेत आणि लांबी मोजावी. मोठ्या नक्षीचे कापड असेल, तर प्रत्येक मोठ्या तुकड्यामागे एका नक्षीच्या उंचीइतके कापड जास्त धरावे, कारण फूल बैठकीच्या मध्यावर आणि पाठीच्या मध्यावर एका रेषेत यायला हवे. उशांच्या कडेला गोट लावायचा असेल, तर एक मीटर कापडातून दीड इंच रुंदीच्या उरेब (म्हणजे विणीला तिरक्या) पट्ट्या काढल्यास सुमारे ३० मीटर गोट होतो.

कापड कोणते निवडावे? रेक्झिन घ्यावे का?

रोज वापराच्या सोफ्यासाठी घट्ट विणीचे, जाड कापड घ्यावे. दुकानात कापड दोन्ही हातांनी उभे, आडवे आणि तिरके ओढून पाहावे. वीण सरकून फट दिसली, तर शिवणीपाशी ते लवकर उसवते. नमुन्याच्या पुस्तकावर मार्टिनडेल या घासण्याच्या चाचणीचा आकडा दिलेला असेल, तर घरातील रोजच्या वापरासाठी तो २०,००० किंवा त्याहून अधिक असलेला बरा. पडद्याचे कापड स्वस्त आणि सुंदर दिसते, पण ते बसण्यासाठी विणलेले नसते.

सुती कापड आमच्या उन्हाळ्यात अंगाला सुखद वाटते आणि मला स्वतःला तेच आवडते. मात्र ते बेतण्यापूर्वी एकदा पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि उशी आत जात नाही. रेक्झिन पुसायला सोपे असते, पण एप्रिल-मे महिन्यांत त्यावर बसणे त्रासाचे होते आणि हलक्या प्रतीचे रेक्झिन काही वर्षांत सोलून निघते. मखमलीसारख्या कापडाला लव असते. सर्व तुकड्यांची लव वरून खाली एकाच दिशेने असावी. एक तुकडा उलटा लागला, तर तो वेगळ्या रंगाचा असल्यासारखा दिसतो आणि तो दोष नंतर झाकता येत नाही.

आतल्या अस्तरासाठी महाग कापडाची गरज नाही. विटा आणि इचलकरंजी येथील मागांवर निघणारे साधे मांजरपाट त्यासाठी उत्तम असते. फोमवर आधी मांजरपाट ताणून बसवले, तर वरच्या कापडावर घासणी कमी येते, आणि आकारातली चूक महाग कापडाला हात लावण्यापूर्वीच लक्षात येते. पहिल्यांदा काम करणाऱ्याने हा टप्पा गाळू नये, असा माझा आग्रह आहे.

बैठक मध्यभागी खाली गेली आहे. नुसता जाड फोम घातला तर पुरेल का?

पुरणार नाही. फोमखालचा आधार सैल झाला असेल, तर नवा फोमही त्याच झोळात बसतो.

आधार नवारीचा असेल, तर ती सर्व काढून नवी लावावी. पट्ट्यांमध्ये दोन इंचांपेक्षा अधिक अंतर नसावे, आडव्या पट्ट्या उभ्या पट्ट्यांतून खालीवर विणून न्याव्यात आणि प्रत्येक पट्टीचे टोक दुमडून मग पिना किंवा चुका माराव्यात. एकेरी टोकातून नवार सुटते. पट्टी हाताने पुरेशी ताणली जात नाही. लाकडाच्या ठोकळ्याला तिचा वेढा देऊन तो सांगाड्यावर टेकवून तरफेसारखा दाबावा. नीट ताणलेल्या पट्टीवर बोट मारले, तर घट्ट आवाज येतो.

गोल स्प्रिंगांचा सोफा असेल, तर बहुतेक वेळा स्प्रिंग शाबूत असते आणि तिला बांधणारी सुतळी तुटलेली असते. प्रत्येक स्प्रिंग शेजारच्या स्प्रिंगांना आणि सांगाड्याला उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी बांधली जाते, म्हणजे आठ बाजूंनी. हे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळले तर स्प्रिंगा वाकड्या होऊन एकमेकींवर घासतात. नागमोडी तारेच्या स्प्रिंगांमध्ये टोकाची पकड निसटलेली असते. ती नव्याने ठोकली की काम होते. स्प्रिंग कोणतीही असो, तिच्यावर गोणपाट ताणून बसवल्याशिवाय फोम ठेवू नये, कारण तार फोमला हळूहळू कापते.

सांगलीत गोणपाट म्हटले की हळदीचे रिकामे पोते सहज हाती येते. ते वापरू नये. ओल लागली की पिवळा डाग अस्तरातून वर येतो. नवे गोणपाट आणावे.

फोम घ्यावा, काथ्या घ्यावा की कापूस?

बैठकीसाठी आज फोम सोयीचा आहे. फोमची घनता एका घनमीटरचे वजन किती किलो, अशी मोजतात. बैठकीसाठी ४० घनतेचा, निदान ३२ घनतेचा फोम घ्यावा. पाठीला २३ ते २८ घनता चालते. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो. घनतेवरून तो किती वर्षे टिकेल हे कळते, आणि कडकपणा मात्र बसूनच ठरवावा. दुकानदार सांगतो तीच घनता आहे का, हे पाहण्याचा सोपा मार्ग वजनाचा आहे. २४ इंच लांब, २४ इंच रुंद आणि ४ इंच जाड तुकडा ४० घनतेचा असेल तर सुमारे दीड किलो भरतो, ३२ घनतेचा असेल तर सुमारे एक किलो दोनशे ग्रॅम. एक किलोच्याही खाली आला, तर तो बैठकीसाठी घेऊ नये.

फोम कव्हरापेक्षा प्रत्येक बाजूला अर्धा इंच मोठा कापावा, म्हणजे उशी भरलेली दिसते. लांब पात्याच्या पातळ सुरीने, दाब न देता, करवतीसारखे लांब हात मारून तो कापला जातो. त्यावर पॉलिएस्टरच्या पांढऱ्या कापसाचा थर गुंडाळला, की कडा गोलसर होतात आणि कापड फोमवर अडकत नाही. फोम चिकटवण्याचे रबरी गोंद ज्वलनशील असते. ते खिडक्या उघड्या ठेवून लावावे आणि त्या वेळी जवळ गॅसची शेगडी किंवा देव्हाऱ्यातील निरांजन पेटलेले नसावे.

जुन्या सोफ्यातून चांगला काथ्या निघाला, तर तो फेकू नये. पिंजून, उन्हात वाळवून तो फोमखाली पातळ थर म्हणून घालता येतो. कापूस पाठीच्या उशांना छान लागतो, मात्र त्याला दरवर्षी ऊन द्यावे लागते. मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण असते, त्याच्याच शेजारी या उशा एक दिवस पसरून ठेवाव्यात.

घरच्या शिलाई यंत्रावर हे कापड शिवले जाते का?

पायाने चालवायचे जुने काळे लोखंडी यंत्र घरात असेल, तर ते या कामाला उत्तम आहे. १६ किंवा १८ नंबरची सुई, पॉलिएस्टरचा जाड दोरा आणि इंचाला सहा ते आठ टाके, एवढी तयारी करावी. हलक्या विजेच्या यंत्रावर जेथे चार-पाच पदर एकत्र येतात तेथे मोटर बंद करून चाक हाताने फिरवावे. उशीच्या कव्हराची चेन मागच्या बाजूला ठेवून दोन्ही कोपऱ्यांवरून दोन-तीन इंच वळवून न्यावी, नाहीतर फोम आत घालताना शिवण फाटते. गोटासाठी पट्टी उरेबच कापावी. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर वळताना सुरकुतते.

कापड ताणून बसवण्याचा योग्य क्रम कोणता?

एका कोपऱ्यापासून सुरुवात करून दुसऱ्या कोपऱ्याकडे पिना मारत जाणे, ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. त्याने कापड एका बाजूला सरकते आणि रेघा तिरक्या होतात. आधी कापडाचा आणि लाकडी पट्टीचा मध्य खडूने खुणावा. पुढच्या बाजूच्या मध्यावर एक पिन, मग मागे ओढून मागच्या मध्यावर एक, मग डावीकडे आणि उजवीकडे एकेक. त्यानंतर मध्यापासून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने घेत जावे आणि कोपऱ्यापूर्वी तीन-चार इंच थांबावे. या पहिल्या फेरीत पिना अर्ध्याच माराव्यात, म्हणजे त्या काढता येतात. उभे राहून, दूर जाऊन पाहावे. रेघ वाकडी असेल तर येथेच सुधारावी. मनासारखे झाले की इंच-दीड इंच अंतरावर पक्क्या पिना माराव्यात.

कापड किती ताणावे, याचा अंदाज हाताला हळूहळू येतो. तळहात कापडावर ठेवून पुढे सरकवला असता पुढे लाट उठत असेल, तर ते सैल आहे. पिनेपासून आत जाणाऱ्या बारीक रेघा दिसत असतील, तर त्या जागी जास्त ताणले गेले आहे.

कोपरे शेवटी करावेत. चौकोनी कोपऱ्यावर आधी टोक मध्यभागी ओढून एक पिन मारावी, मग दोन्ही बाजूंचे जास्तीचे कापड आत दुमडून एक सरळ घडी पाडावी. खांबाभोवती कापड न्यायचे असेल, तर खांबाच्या दिशेने चीर द्यावी लागते. ती लाकडापासून अर्धा इंच अलीकडे थांबवावी, कापड बसवून पाहावे आणि गरज असेल तरच थोडी वाढवावी.

सैल सांधे घरी घट्ट करता येतात का?

येतात. सांधा उघडून जुने गोंद पूर्ण खरवडावे, कारण लाकडाचे गोंद जुन्या गोंदावर किंवा पॉलिशवर धरत नाही. नवे गोंद लावून सांधा चोवीस तास दाबून ठेवावा. शिकंजा नसेल, तर सांगाड्याभोवती दोरी गुंडाळून तिच्यात काठी घालून पीळ द्यावा. सागवानात थेट खिळा ठोकू नये. आधी बारीक भोक पाडले नाही, तर लाकूड चिरते.

हे काम कोणत्या महिन्यांत करावे?

दिवाळीनंतर ते मेपर्यंत. पावसाळ्यात गोंद उशिरा सुकते, कापूस दमट राहतो आणि ती ओल कापडाखाली बंद होते. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, घाटाजवळच्या गावांत तर जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये. संध्याकाळी दोन तास आणि सुट्टीचा पूर्ण दिवस असा वेळ दिल्यास एका सोफ्याला तीन आठवडे धरावेत.

कोणते काम कारागिरावर सोपवावे?

पाठीवर दाट बटणे आणि त्यांमधून शंकरपाळ्यासारख्या घड्या असतील, तर ती पाठ पहिल्या प्रयत्नात करू नये. त्या घड्यांसाठी कापड किती जास्त धरायचे, हे अनुभवानेच कळते. अस्सल कातडेही कारागिराकडेच द्यावे, कारण चुकीच्या जागी पडलेले सुईचे भोक त्यातून जात नाही. बाकी सर्व आपण करून ही एक गोष्ट बाहेरून करून घेण्यात काहीही कमीपणा नाही.

शेवटी सोफ्याच्या खाली कापड लावणे आवश्यक आहे का?

आवश्यक आहे. ते धूळ, झुरळे आणि उंदीर यांना आत जाण्यापासून अडवते. मांजरपाट किंवा न विणलेले काळे कापड कडा आत दुमडून बसवावे. ते लावण्यापूर्वी आतून एकदा हात फिरवून सुटलेली पिन, विसरलेली सुई किंवा खडूचा तुकडा राहिला नाही ना, हे पाहावे. पायांखाली रबरी चकत्या ठोकाव्यात, म्हणजे फरशी धुताना लाकूड पाण्यात उभे राहत नाही. उरलेले कापड निदान अर्धा मीटर जपून ठेवावे आणि ते घडी करून याच खालच्या कापडाच्या आत, सांगाड्याच्या आडव्या पट्टीला टाचून ठेवावे. दहा वर्षांनी ठिगळ लावण्याची वेळ आली, तर त्याच रंगाचा तुकडा सोफ्यातच सापडेल.